पंधरा नंबरची खुर्ची

कुठलीही खुर्ची समोर आली, की चाचा आधी तिच्या खाली हात घालायचे. पुढची नक्षी, सोन्याचा मुलामा, मखमल, यातल्या कशाकडे बघायचेही नाहीत. दोन बोटं सीटच्या खालच्या कडेवरून हळूहळू फिरवायची, डोळे अर्धे मिटून, डॉक्टर पोट तपासतात तशी. मग खुर्ची उलटी करायची आणि म्हणायचं, "पुढून सगळेच राजे असतात, बाय. मागून बघायचं."

मला ते 'बाय' म्हणायचे. लोकांसमोर 'मॅडम'. आमच्या शेडमधले मल्याळी, फिलिपिनो, पाकिस्तानी सगळे त्यांना चाचा म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. ते रत्नागिरीकडचे, खाडीकाठच्या गावातले. त्यांचं मराठी कानावर पडलं की मला एकदम सुट्टीला आल्यासारखं वाटायचं. मी कोल्हापूरची. तसा रत्नागिरीशी माझा काही संबंध नव्हता, पण शारजात एवढं जवळपण पुरतं.

शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात, टायरवाल्यांच्या आणि अल्युमिनियमवाल्यांच्या मधोमध आमची शेड. बाहेरून बघितलं तर आत जेसीबी दुरुस्त होत असेल असं वाटावं. आत अडीचशे वर्षांपूर्वीचं फ्रेंच फर्निचर. राजवाड्यातलं, सरदारांच्या हवेल्यांतलं, लिलावांतून फिरत फिरत इथे आलेलं. मी तिथे कोऑर्डिनेटर होते, म्हणजे याद्या, फायली, क्लायंटचे फोन. नवरा रुवैसच्या रिफायनरीत, शुक्रवारी संध्याकाळी घरी यायचा, रविवारी परत. अल मजाजच्या चौदाव्या मजल्यावर मी आणि माझी मुलगी. मी मराठीत विचारायचे, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. असं आमचं नीट चाललेलं होतं.

पहिल्याच आठवड्यात क्लायंटचा फोन आला, "कमोड पोचला का?" मी म्हटलं, प्लंबिंगचं आम्ही करत नाही. मागे उभे असलेले चाचा फोन ठेवेपर्यंत थांबले आणि मला शेडच्या टोकाला घेऊन गेले. तिथे एक ठेंगणं, पोट सुटलेलं, ड्रॉवरचं कपाट होतं. वर संगमरवर, पुढे वेगवेगळ्या रंगांच्या लाकडाच्या पातळ पापुद्र्यांतून केलेली फुलं. "हा कमोड," ते गंभीरपणे म्हणाले. "ह्याच्यावर बसायचं नसतं." किंमत चाळीस हजार दिरहम, म्हणजे साडेनऊ लाखांच्या आसपास. घरी नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, तेवढ्यात आपल्या गल्लीतले सगळे कमोड बदलून होतील. चाचांना मी हे सांगितलं, तेव्हा ते हसले. आवाज न करता, खांदे हलवून हसायचे ते.

फ्रान्सच्या त्या काळच्या राजांचं नाव एकच, पुढचा आकडा तेवढा वेगळा. शेडमध्ये नावाची कटकट कुणी ठेवलीच नव्हती. पंधरा नंबर म्हणजे पाय वाकडे, हरणाच्या मागच्या पायासारखे. सोळा नंबर म्हणजे पाय सरळ आणि उभ्या खाचा पाडलेले. "पंधरा नंबर आण," असं ओरडलं, की पेशावरचा हमाल बरोबर ती खुर्ची उचलून आणायचा. राजांची अशी हजेरी घेतलेली मी दुसरीकडे कुठे ऐकली नाही.

चाचांचं मुख्य काम लाखेचं पॉलिश. चपडा स्पिरिटमध्ये विरघळवायचा, कापसाची गुंडी फडक्यात बांधायची, आणि गोल गोल, हलक्या हाताने, शंभर वेळा, दोनशे वेळा. हात मध्ये थांबला की डाग. ऑगस्टमध्ये हवा दमट असली, की पॉलिश पांढरं पडायचं. त्या दिवशी ते शेडच्या दारात उभे राहून आकाशाकडे बघायचे आणि "आज लाकडाला सुट्टी" म्हणून सरस शिजवायला घ्यायचे. शारजात दारूला बंदी. स्पिरिटचे डबे कुलपात ठेवून रजिस्टरमध्ये लिहावे लागत. सही करताना चाचा म्हणायचे, "ह्या गावात उघडपणे पितंय ते एकटं मेज."

तुम्ही अशी माणसं पाहिली असतील. स्वतःबद्दल विचारलं की हातातल्या कामाबद्दल बोलतात. घरी कोण कोण आहे, हे मला कळायला तीन वर्षं लागली. बायको, एक मुलगी, जावई. मुलगी शिक्षिका. पण खुर्चीबद्दल विचारलं की बोलत राहायचे. हे सगळं त्यांना शिकवलं होतं आमच्या थोरल्या मालकांनी. ते लेबनॉनचे. दोघांनी मिळून तीस वर्षं काढली होती. भाषा कोणती, तर अर्धी अरबी, अर्धी हिंदी, आणि उरलेली बोटांनी.

"राजासमोर कुणाला बसायला नाय मिळायचा," एकदा जेवणाच्या सुट्टीत चाचा सांगत होते. ते रंगाच्या डब्यावर बसलेले, मांडीवर डबा, डब्यात बांगडा. "सरदार असला तरी उभा. मोठ्या सरदाराच्या बायकोला एक स्टूल. त्याला पाठ नाय, हात नाय. त्या स्टुलासाठी बायका रडायच्या, असं अरबाब, आपले थोरले मालक, सांगायचे. पाठ टेकायला मिळणं हा त्याच्यावरचा मान. हातवाली खुर्ची फक्त राजाची नि त्याच्या घरातल्यांची."

"एका स्टुलासाठी?"

"आमच्याकडे लग्नात जाजमावर कोण आणि खुर्चीवर कोण, ते ठरलेलं असायचं. आमच्या खुर्च्या लोखंडी, एवढाच फरक."

सोनं किती आणि कुठे लावलंय, यावरून ते माणूस ओळखायचे. एकदा नखशिखांत मुलामा दिलेलं एक मेज आलं. सगळे बघत उभे राहिले. चाचांनी एक फेरी मारली. "हे सरदाराचं नाय. सरदाराला धान्य पुरवायचा त्याचं असेल." ज्याच्याकडे पिढीजात आहे त्याला दाखवायची घाई नसते, असं त्यांचं म्हणणं. थोरले मालक ते ऐकून खुर्चीत मागे रेलायचे आणि मला म्हणायचे, "ऐक, ऐक. पॅरिसच्या सोरबॉनमध्ये हे शिकायला लोक पैसे भरतात."

चाचांच्या एमिरेट्स आयडीवर व्यवसाय लिहिला होता: क्लीनर. ते आले तेव्हा कंपनीच्या कोट्यात तेवढी एकच जागा शिल्लक होती. पुढे बदलू म्हणता म्हणता राहून गेलं. इथे असं खूप जणांचं असतं. आमचा ड्रायव्हर कागदोपत्री शिंपी होता.

खुर्ची दुरुस्त झाली, की ते मला ऑफिसातून बोलवायचे. "बस, बाय."

"मी?"

"बसल्याशिवाय सांधा कळत नाय. माझ्या कपड्यांना पॉलिश आहे."

मग मी गळ्यातलं ओळखपत्र मागे टाकून त्या खुर्चीत बसायचे आणि चाचा खाली फरशीवर मांडी घालून कान लावायचे. "हल जरा. डावीकडे. आता रेल." कुठे करकर आली की बोटाने तिथेच टकटक. अशा निदान साठ-सत्तर खुर्च्यांत मी बसले असेन. तिथून मला शेडचे पत्रे, पंखा आणि चाचांचं पांढरं डोकं दिसायचं. मला फार काही वाटायचं नाही. ई-मेल राहिलेत, एवढंच डोक्यात असायचं. आता सांगताना वाटतं तेवढं तेव्हा वाटत नव्हतं, हे खरं सांगायला हवं.

थोरले मालक आजारी पडले आणि मुलीकडे कॅनडाला गेले. ते गेले आणि सगळं मुलाच्या हातात आलं. धाकटे मालक वाईट नव्हते. त्यांनी शेडमध्ये एसी बसवला, सगळ्यांना चांगला विमा दिला. पण खऱ्या जुन्या वस्तू आता मिळत नव्हत्या, मिळाल्या तर परवडत नव्हत्या, आणि शोरूम रिकामं ठेवता येत नव्हतं.

एक दिवस कंटेनर आला. बारा हातवाल्या खुर्च्या, पंधरा नंबर, वाकडे पाय, पाठीवर कोरलेली फुलं. लाकूड काळवंडलेलं, कडा झिजलेल्या. चाचांनी एकीखाली बोटं घातली, उलटी केली, खालचं कापड बाजूला सारलं आणि मला बोलावलं.

"बघ. खुर्चीचं कापड किती वर्षं टिकतं? पंचवीस, तीस. मग नवीन. दरवेळी नवीन खिळे. अडीचशे वर्षांत ह्या पट्टीची चाळण व्हायला हवी. इथे भोकं किती?"

एकच ओळ होती. सरळ, सारख्या अंतरावर.

"हिची पहिलीच खेप," चाचा म्हणाले. "काम चांगलं हाय, पण. कुणीतरी मन लावून केलंन."

बारातल्या आठ शोरूमला 'जुन्या धर्तीच्या' म्हणून गेल्या. चार धाकट्या मालकांनी बाजूला काढल्या. दुसऱ्या दिवशी माझ्या फोनवर त्यांचा मेसेज आला. अठराव्या शतकाचा मध्य, एका काउंटच्या, फ्रेंच सरदाराच्या, घराण्याचं नाव, त्यांच्या गावाचं नाव, तिथून पुढे कुठल्या कुठल्या हातांतून आल्या ते. फाईल बनव. मी बनवली. चांगला जाड कागद वापरला, फोटो लावले. मी फायली नीटनेटक्या करते.

चाचा काही कामासाठी आत आले आणि टेबलावर उघडी फाईल बघून थांबले. त्यांना इंग्रजी सावकाश वाचता यायचं.

"हा काउंट कोण?"

"माहीत नाही."

"मग लिहिलंस कसं?"

"मला पाठवलं ते लिहिलं, चाचा."

ते मान हलवून बाहेर गेले. रागावले नव्हते. रागावले असते तर मी काही बोलले असते, असं मी नंतर बरेच दिवस स्वतःला सांगत होते.

त्या चारांतल्या दोन खुर्च्या अबुधाबीच्या एका बाईंसाठी होत्या. जुन्या घराण्यातल्या, सत्तरीच्या पुढच्या, विधवा. लहानपणी वडिलांच्या व्यापारामुळे दोन वर्षं मुंबईला राहिलेल्या, त्यामुळे हिंदी चांगलं. त्यांच्या नवऱ्याने फार पूर्वी थोरल्या मालकांकडून पंधरा नंबरची एक जोडी घेतली होती, आणि ती चाचांनी तीनदा दुरुस्त केली होती. एसीच्या कोरड्या हवेने तिचे सांधे सुटायचे. थंड, ओल्या देशातलं लाकूड, त्याला परदेश मानवत नाही, असं चाचा म्हणायचे. बाईंना आता त्या जोडीशेजारी दुसरी जोडी हवी होती. आणि घेण्याआधी त्यांची एकच अट होती. त्या म्हाताऱ्या कारागिराने घरी येऊन खुर्ची बघावी.

आम्ही सकाळी निघालो. धाकटे मालक आणि मी त्यांच्या गाडीत, मागे व्हॅनमध्ये खुर्च्या, ड्रायव्हर आणि चाचा. चाचांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता.

बाईंची बैठकीची खोली मोठी होती, पण भपका नव्हता. पडदे साधे. त्यांनी आम्हाला बसवलं, कॉफी आली. चाचांनाही म्हणाल्या, "बैठिए।" चाचा हसून म्हणाले, "पहले काम।" आणि उभेच राहिले.

नव्या खुर्च्या आणून जुन्या जोडीशेजारी ठेवल्या. चारी सारख्याच दिसत होत्या. खरं सांगायचं तर नव्या जास्त चांगल्या दिसत होत्या.

चाचा गुडघ्यावर बसले. खाली हात घातला. त्यांना काय लागणार हे मला माहीत होतं, त्यांना माहीत होतं, धाकट्या मालकांना माहीत होतं. तरी ते नेहमीपेक्षा जास्त वेळ बोटं फिरवत राहिले. मग दुसरी खुर्ची. तिथेही तेवढाच वेळ.

"कैसी है?" बाईंनी विचारलं.

"मज़बूत है, मॅडम। बहुत साल चलेगी।"

"पुरानी है?"

चाचा उठले. गुडघे झटकले. मग माझ्याकडे बघितलं. "कागज़ इनके पास है।"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी फाईल उघडली आणि वाचली. शतक, काउंट, गाव. इंग्रजीत वाचलं. माझा आवाज अगदी सपाट आणि स्वच्छ होता, लिफ्टमधल्या सूचनेसारखा. मी वाचत होते तेवढा वेळ बाई चाचांकडे बघत होत्या. माझं संपल्यावर म्हणाल्या, "ठीक है। रख दीजिए।"

धाकट्या मालकांना हिंदी फारसं येत नव्हतं. परतताना अर्ध्या रस्त्यात त्यांनी इंग्रजीत विचारलं, "तो तिला काय म्हणाला?"

मला काहीही सांगता आलं असतं. सुंदर आहे म्हणाले, असं सांगता आलं असतं. सकाळी मी एका काउंटचं अख्खं घराणं चेहऱ्यावरची रेष न हलवता वाचून दाखवलं होतं. पण मी दमले होते, मुलीला शाळेतून कोण आणणार याचा विचार करत होते, आणि मी सरळ भाषांतर केलं. मजबूत आहे म्हणाले. पुष्कळ वर्षं चालेल म्हणाले.

"चालेल," ते म्हणाले. जरा वेळाने पुन्हा एकदा, स्वतःशीच, "चालेल." आणि एसी कमी केला.

ते मूर्ख नव्हते. जुन्या खुर्चीबद्दल कुणी असं बोलत नाही, हे त्यांना बापाकडून माहीत होतं.

दीड महिन्याने साठ वर्षांवरच्यांचे व्हिसा रिन्यू न करण्याचा निर्णय आला. अशी तीन माणसं होती. वयामुळे विमा महाग पडतो, हे कारण खरंच होतं. ते खोटं असतं तर मला निदान राग आला असता.

कॅन्सलेशनचे कागद मीच टाईप केले. चाचांनी जिथे फुली होती तिथे सही केली. मग म्हणाले, "बाय, एक एक्स्पीरियन्स लेटर देशील? लेक म्हणते, आणा. तीस वर्षं बाहेर होतो, घरात काहीतरी कागद असू दे."

"काय लिहू?"

"तुला माहीत हाय ते."

मी लिहिलं. फ्रेंच अँटिक फर्निचरचे मुख्य कारागीर, तीस वर्षं. लाखेचं पॉलिश, लाकडी नक्षीची दुरुस्ती, जुन्या वस्तूंची पारख. अर्धं पान भरलं. त्या ऑफिसात मी स्वतःच्या मनाने लिहिलेलं ते पहिलं पान असावं. व्हिसाची कामं बघणाऱ्या पीआरओने ते संध्याकाळी परत पाठवलं. हुद्दा व्हिसावर आहे तोच लागेल, नाहीतर कंपनीला अडचण. मी धाकट्या मालकांना विचारायला त्यांच्या केबिनपर्यंत गेले. ते फोनवर होते. मी परत आले आणि बदलून टाकलं. क्लीनर. बाकीच्या ओळी त्या शब्दाखाली शोभेनात, म्हणून त्याही काढल्या. तीन ओळींचं पत्र झालं.

चाचांनी ते उभ्यानेच वाचलं. त्या शब्दाखाली बोट ठेवलं.

"स्पेलिंग बरोबर हाय?"

"हो."

"मग झालं."

गुरुवारी ते गेले. मी विमानतळावर जाणार होते, पण मुलीची परीक्षा होती. फोन केला. ते म्हणाले, "कोल्हापूरला येशील तेव्हा घाट उतरून ये. आमच्याकडे बघायला काय नाय, पण मासे हायत."

त्यांच्या जागी एक माणूस आला. तो मशीनने स्प्रे मारतो. काम लवकर होतं.

सहा-सात महिन्यांनी अबुधाबीहून बाईंचा फोन आला. जुन्या जोडीतली एक खुर्ची पुन्हा हलायला लागली होती. "उस बुज़ुर्ग को भेजिए।"

मी सांगितलं, ते गावी गेले. व्हिसा संपला.

त्यांनी विचारलं, "उन कुर्सियों की वजह से?"

मी म्हटलं, वयामुळे.

"मुझे मालूम था," त्या म्हणाल्या. "उन्होंने कहा न, बहुत साल चलेगी। मैं उसी वक़्त समझ गई। पर वो सामने खड़े थे। मैं मना करती तो उनकी नौकरी जाती। इसलिए रख लीं।"

मी "जी" म्हटलं. त्यांनी खुर्ची पाठवते म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला. मी बाकीचे कॉल केले, एक कोटेशन पाठवलं. दुपारी डबा उघडला आणि खाल्ला. भाजी कसली होती आठवत नाही.

जुलैत आम्ही कोल्हापूरला गेलो, तेव्हा मी मुलीला घेऊन घाट उतरले. ती पूर्ण वाटभर खिडकीला डोकं टेकून झोपली होती. चाचांनी दाराशी येऊन स्वतः बॅग घेतली. बारीक झाले होते. घर छान होतं, चिऱ्याचं, पुढे पडवी. आणि बैठकीच्या खोलीत, संपूर्ण भिंत अडवून, रत्नागिरीच्या दुकानातला महाराजा सोफासेट. सोनेरी रंग, वाकडे पाय, पाठीवर कोरलेली मोठमोठी फुलं, लाल मखमल, वर प्लास्टिकचं आच्छादन अजून तसंच.

मी त्या सोफ्याकडे बघतेय हे त्यांनी बघितलं. खांदे हलले. "बायकोने आणलान. जन्मभर मी कसल्या खुर्च्यांवर हात फिरवले ते तिने ऐकलेलं. म्हणाली, आता आपल्या घरात पण एक." मग म्हणाले, "बस. आरामशीर हाय."

आम्ही बसलो. प्लास्टिक कुरकुरलं. चाचाही माझ्यासमोर त्याच सेटमधल्या खुर्चीत बसले, पाठ टेकून, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवून. इतक्या वर्षांत त्यांना असं बसलेलं मी पहिल्यांदा बघत होते. माझी मुलगी फोनमध्ये बघत होती. चाची सांदणं घेऊन आल्या. मुलीला म्हणाल्या, "खा गो." ती म्हणाली, "थँक यू, आंटी."

भिंतीवर मक्केचं चित्र होतं, घड्याळ होतं, नातवाचा फोटो होता. मी दिलेलं पत्र कुठे दिसत नव्हतं. मी विचारलं नाही.

मी बाईंच्या फोनचं सांगितलं. चाचा ऐकत राहिले.

"माहीत होतं तिला? मग घेतलीन कशाला?"

"तुमची नोकरी जाऊ नये म्हणून."

त्यांनी बाहेर पडवीकडे बघितलं. "खानदानी बाई," म्हणाले.

मग मी गाडीतलं सांगितलं. धाकट्या मालकांनी विचारलं आणि मी काय उत्तर दिलं ते. सगळं एका दमात सांगितलं, कपातल्या चहाकडे बघत.

"मी जे बोललो तेच सांगितलंस ना?"

"हो."

"शब्द बदलला नाहीस?"

"नाही."

"मग त्यात काय," ते म्हणाले. चहाचा घोट घेतला, बशीत कप ठेवला. पुढचं ते अगदी हळू बोलले, चाची आत ऐकतील म्हणून असेल. "बदलला असतास तर बरं झालं असतं, बाय."

मी मान हलवली. त्यांनीही हलवली. त्यानंतर आम्ही पावसाबद्दल, माशांच्या भावाबद्दल, रस्त्याच्या कामाबद्दल बोललो. निघताना ते स्टॅंडपर्यंत आले. एसटी लागल्यावर कंडक्टरला सांगून आम्हाला खिडकीची जागा मिळवून दिली. गाडी वळेपर्यंत मी मागे बघितलं. ते एका हाताने दुसऱ्या हाताची बोटं दाबत उभे होते, थंडीत दाबतात तशी. थंडी नव्हती.

डिसेंबरात त्यांच्या मुलीचा मेसेज आला. अब्बा सकाळी गेले, झोपेतच, दफन झालं, तुम्हाला कळवायला सांगून ठेवलं होतं. मी ऑफिसात होते. शेडमध्ये जाऊन सगळ्यांना सांगितलं. पेशावरच्या हमालाने डोक्यावर रुमाल घेतला आणि हात उचलून दुवा केली. सगळे उभे राहिले. मग मशीन पुन्हा सुरू झालं. घरी मुलीला सांगितलं, ती म्हणाली, "ओह. द सोफा अंकल?" आणि जवळ येऊन थोडा वेळ माझ्या खांद्याला टेकून उभी राहिली. नवऱ्याला रुवैसला फोन केला. तो म्हणाला, रडलीस का. मी म्हटलं, नाही. अजूनही नाही.

दोन दिवसांनी मला वाटलं, अबुधाबीच्या बाईंना कळवायला हवं. कंपनीच्या फोनवरून करू नये म्हणून जेवणाच्या सुट्टीत बाहेर, टायरवाल्याच्या सावलीत जाऊन स्वतःच्या फोनवरून केला. ते गेले, असं सांगितलं. त्यांनी अरबीत प्रार्थना म्हटली. मग विचारलं, "नाम क्या था उनका?"

मी सांगितलं. पासपोर्टवर होतं तसं पूर्ण. त्यांचं, मग वडिलांचं, मग गावावरून आलेलं आडनाव. कितीतरी फॉर्मांवर मी ते टाईप केलं होतं, पण तोंडाने कधी उच्चारलं नव्हतं. ते माझ्या समजुतीपेक्षा लांब होतं.

"फिर से कहिए," पलीकडून त्या म्हणाल्या.

मी पुन्हा सांगितलं. या वेळी एकेका शब्दावर थांबून, कारण त्या लिहून घेत होत्या.